गच्चीवरची भिंत

नाशिक
२० जानेवारी २००३

प्रिय मोहिनीबाई यांना,
श्यामलाचा सप्रेम नमस्कार.

इकडे सगळे मजेत आहेत. आपल्या नातीला खाली दोन दात आले, आणि त्या दोन दातांनी ती माझं बोट, पल्लवीचा खांदा आणि तुमच्या चिरंजिवांचं घड्याळ यांचा समाचार घेते. अमितरावांबरोबर पाठवलेला तिळगूळ जरा कडक झाला होता. पाक पुढे गेला. तुम्ही कौतुक केलंत म्हणे, पण खलबत्त्यात कुटून खाल्लात हेही मला कळलं.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. बाळंतपण होऊन सहा महिने झाले, पल्लवीला सासरी कधी पाठवता, असं तुम्ही विचारलंत. त्याबद्दल याच पत्रात लिहिते. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तुम्ही लग्नाच्या याद्या करतानाच पाहिलंय. म्हणून आधी भिंतीचं ऐका.

आमच्या गच्चीवर एक खोली आणि पुढे छोटं स्वयंपाकघर बांधलंय. घर जुनं, गच्चीवर विटांचं वजन नको असं इंजिनियर म्हणाले, म्हणून सातपूरच्या पुंजा मिस्त्रीकडून पत्र्याचे उभे चॅनल लावून घेतले. आतून जिप्समचा बोर्ड, बाहेरून सिमेंटचा पत्रा, आणि मध्ये ग्लासवूल, म्हणजे काचेचा कापूस. यंदाची थंडी तुम्हाला माहीतच आहे. खोली उबदार हवी म्हणून मी पुंजाच्या डोक्यावर उभी राहून दुप्पट कापूस कोंबायला लावला. तो वैतागून म्हणाला, "बाई, भिंत हाय का गादी? आजून किती दाबू? लय झालं आता!" मी ऐकते होय!

रंग झाला, हीटर लावला आणि मी भिंतीला पाठ टेकून मटार सोलायला बसले. दहा मिनिटांत पाठीतून वरपासून खालपर्यंत थंडीची एक रेघ गेली. जरा सरकले तर ऊब. आणखी सरकले तर पुन्हा रेघ. मला वाटलं, वयाचं काहीतरी आहे. मग हात फिरवून पाहिला, तर अख्खी भिंत तशीच, एक पट्टा उबदार, मग एक गार.

पल्लवी कामावरून आली तर म्हणते, "आई, तुझा हात काय सांगतो ते पुंजाभाऊंना पटायचं नाही." मग मी स्वयंपाकघरातून खोबरेल आणलं, पातळ केलं आणि ऑइलपेंटच्या भिंतीवर हाताने सपासप फासलं. पल्लवी ओरडत होती. थोड्या वेळाने बघतो तर काय, जिथे जिथे आत चॅनल उभा होता तिथे तेल थिजून पांढरं, आणि मधे सगळीकडे चकचकीत पातळ! अमितराव आले आणि बघतच राहिले. सासूबाईंनी भिंतीला मालिश केली म्हणून अजून चिडवतात.

मग पल्लवीने समजावलं. कापूस ऊब अडवतो, पण चॅनल आतल्या बोर्डालाही टेकलेला आणि बाहेरच्या पत्र्यालाही. लोखंडातून ऊब सरळ बाहेर जाते. तिथे कापूस कितीही भरला तरी उपयोग नाही, उलट दाबून भरला तर त्यातली हवाच निघून जाते आणि तो आणखी निकामी होतो. म्हणजे माझा हट्ट दुप्पट वाया! उपाय एकच, बाहेरचे पत्रे काढायचे, सगळ्या चॅनलांवरून न तुटता थर्माकोलचा थर द्यायचा आणि पत्रे पुन्हा बसवायचे. पुंजा कुरकुरत राहिला, पण काम झकास केलं. आता कुठेही हात लावा, भिंत सारखीच लागते. काल तिथे दुपारी अशी झोप लागली की चहाची वेळ टळली.

शेजारीपाजारी विचारतात, खोली कोणासाठी? मी कोणाला सांगते पापड-लोणच्यासाठी, कोणाला सांगते पल्लवीच्या कॉम्प्युटरसाठी. लोणच्याला कशाला लागते, मोहिनीबाई, एवढी ऊब?

ती तुमच्यासाठी आहे.

आता पत्र खाली ठेवू नका. भाद्रपदात तुम्हाला न्यूमोनिया झाला. शेजारच्या नवसाबाईंनी फोन केला नसता तर आम्हाला कळलंही नसतं. पुढचा पावसाळा इगतपुरीत काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि तुम्ही अमितरावांना म्हणालात, "मुलगा घरजावई झालाच आहे, आता मीही विहिणीच्या दारात जाऊन पडू?" त्यांनी मला सांगितलं नाही. पल्लवीने सांगितलं, आणि रडली.

सातपूरच्या कारखान्यातली पाळी सांभाळून रोज इगतपुरीहून ये-जा करणं अमितरावांना जमत नाही, म्हणून ते इथे राहतात. पण तुमचा मुलगा माझ्या घरात रोज जेवतो आणि तुम्ही तिकडे एकट्या एवढासा भात टाकता, हे मला गोड लागत नाही. वर जायला बाहेरून वेगळा जिना आहे. चूल तुमची, देव तुमचे, कुलूप तुमचं. मी विचारल्याशिवाय वर येणार नाही. म्हणजे प्रयत्न करीन.

आणि सगळं तुमच्या भल्याचंच आहे असं दाखवते आहे, तेही पुरतं खरं नाही. दोघं कामावर गेली की बाळ झोपतं आणि घर खायला उठतं. मला भांडायला बरोबरीचं माणूस हवंय. तुमच्याइतकं चांगलं भांडणारं मला नाशकात कोणी सापडलं नाही.

पल्लवीला कधी पाठवू, याचं उत्तर मात्र अजून मला देता येत नाही. तुम्ही तिकडे आणि या दोघांच्या नोकऱ्या इकडे. तिला पाठवायचं म्हणजे अमितरावांपासून तोडायचं. तुम्हीच सांगा, मी काय करू?

रागावलात तरी कळवा.

तुमची विहीण,
श्यामला गायधनी


इगतपुरी
२८ जानेवारी २००३

श्यामलाबाई यांना,
स. न.

पत्र पोचलं. मी रागावले. दोन दिवस रागावलेली होते, मग नवसाबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तेल फासलं व्हय भितीला! लय खटपटी बाई हाय, जा तुमी." त्या हसत होत्या आणि मला हसता हसता खोकला आला. इथल्या भिंती जानेवारीतही ओल धरून आहेत.

मी विहिणीकडे राहायला येणार नाही. बारशाला बोलले होते, तेच आज बोलते. माझं माणूस रेल्वेत होतं, आम्ही कधी कोणाकडे राहिलो नाही.

पण तुम्ही म्हणता जिना वेगळा, चूल वेगळी, कुलूप वेगळं. मग ते तुमचं घर कसं? ते माझं घर. अमितला सांगा, येत्या रविवारी टेम्पो घेऊन ये. देव, भांडी आणि त्याच्या बाबांची खुर्ची एवढं आणायचं आहे. खुर्ची जिन्यातून चढेल ना, ते तुमच्या पुंजाला विचारून ठेवा.

आणि माझा प्रश्न तोच आहे, तो मी सोडलेला नाही. सून सहा महिने माहेरी राहिली, पुष्कळ झालं. मी देव मांडले की दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवीची ओटी भरा, बाळाला नवं झबलं घाला आणि दोघींना रीतसर सासरी पाठवा. अंगणातून निघा, जिना चढा. भाकरतुकडा ओवाळायला मी वरच्या पायरीवर उभी असेन. पोचवायला तुम्ही स्वतः या. जेवल्याशिवाय खाली जाऊ देणार नाही.

तुमच्या मुलीची सासू,
मोहिनी