वेताच्या खुर्चीवरचा केस

प्रिय उन्नती,

प्रतापनगरहून तुझ्या हॉस्टेलला मेट्रोने जितक्या वेळात पोचता येतं, तितक्या वेळात हे पत्र पेटीच्या तळाशीसुद्धा पोचणार नाही. तरी पोस्टानेच पाठवतो आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि मी स्वतः आलो तर तुझ्या मैत्रिणी खिडकीतून बघून ‘संशयित आला’ म्हणतील. शिवाय पत्राचा तुला उपयोग आहे. हस्ताक्षर तपासता येईल, शाई ओळखता येईल. डाव्या कोपऱ्यातला पिवळा डाग वरणाचा आहे. तुझा वेळ वाचावा म्हणून आधीच सांगून टाकतो.

तू फॉरेन्सिकला प्रवेश घेतलास तेव्हा मी सगळ्यांना ‘न्यायसहायक विज्ञान’ असा शुद्ध शब्द सांगत होतो. तो ऐकून तुझी सावनेरची आत्या ‘पोरगी वकील होऊन राहिली’ म्हणून गावभर सांगत सुटली. पहिल्या दिवाळीला तू काळी पूड आणि ब्रश घेऊन आलीस, फराळाच्या डब्यांवरचे ठसे उठवलेस आणि अनारसे कोणी संपवले ते भर पंगतीत जाहीर केलंस. खालच्या मजल्यावरचे चंपतराव, उभी हयात पोलिसात हवालदारी केलेला माणूस, हातातला अर्धा अनारसा बशीत ठेवून म्हणाले, “सर, इले सांभाळा. आमच्या ठाण्यात अशी एक पोरगी असती तं मी रोज जेवाले वेळेवर घरी गेलो असतो.” तेव्हा मी फार हसलो होतो. पुढे आपलीही पाळी येईल हे मनात आलं नाही.

आता त्या रविवारकडे येतो. तू येणार म्हणून मी घर आवरलं आणि तिथेच फसलो. ज्या घरात वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोफ्यावर माणसांसारखे बसून असतात, तिथल्या फरशीत तोंड दिसावं, हे तुला दारातच खटकलं. “बाबा, कोण येऊन गेलं?” मी म्हणालो, “कोणी नाही.” जन्मभर संस्कृत व्याकरण शिकवून मला दोन शब्दांपेक्षा लांब खोटं रचता आलं नाही. मग तू केराच्या टोपलीत डोकावलीस. घर आवरणारा टोपली विसरतो, हे तुमच्या पहिल्याच सत्रात शिकवत असतील. मी संत्रं सोललं की सालीचे कपटे होतात. टोपलीत त्या कपट्यांशेजारी सालीची चार पाकळ्यांची अख्खी फुलं पडली होती. जेवायला बसलो तर वरणाच्या पहिल्या घासाला तुला ठसका लागला. आपल्या घरच्या वरणाची तेवढी योग्यता आजवर कधी नव्हती. “मिरची कुठली?” “भिवापूरची.” “भिवापूरला कोण गेलं होतं?” मी पाणी आणायला उठलो. परत आलो तर तू वेताच्या खुर्चीशी वाकलेली, हातात चिमटा. चिमट्यात लांब केस, टोकाकडे मेंदीचा, दुसरीकडे पांढरा. माझ्या डोक्याची अवस्था पाहता तो माझा नव्हे हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नव्हती. तू तो कागदाच्या पुडीत ठेवलास, वर तारीख घातलीस, सही केलीस आणि भात न घेता उठलीस. दारात म्हणालीस, “तपास सुरू आहे.” त्यानंतर रविवार येतात, तू येत नाहीस.

चंपतराव जिन्यात अडवतात. “काहून सर, पोरगी दिसून नाही राहिली? काही गुन्हागिन्हा केला का तुम्ही?” मी म्हणतो, परीक्षा आहे. तर म्हणतात, “बयान बदलू नका. मागच्या हप्त्यात तुम्ही सर्दी म्हणे.” कौशल्याबाईंनी तर भांडी घासता घासता निकालच दिला. “सांगून टाका नं पोरीले, सर. मी दोन दोन कप घासून राहिली, ते काय तिले दिसत नाही?”

तेव्हा सांगतो. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असं अनुमान करावं, हा तर्कशास्त्राचा पाठही मी वर्षानुवर्षं शिकवतो. त्यापुढचा पाठ हेत्वाभासाचा, म्हणजे कारणासारखं दिसतं पण कारण नसतं त्याचा. लांबून धुकंही धुरासारखंच दिसतं. तुझं अनुमान निम्मं बरोबर आहे. घरी कोणी येतं, हे खरं. मेघाताई त्यांचं नाव. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात असतात, माहेर भिवापूरचं, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. संध्याकाळी येतात, संत्रं सोलतात आणि मला अग्रलेख मोठ्याने वाचू देतात. हे तू कधी सहन केलेलं नाहीस.

पण तू रुसलीस ती केसावरून नव्हे, तो जिथे सापडला त्यावरून. ती खुर्ची आईची. दुखण्यात पलंग सोडून ती तिथेच बसायची, आणि ती गेल्यावर तुझ्या-माझ्याशिवाय तिथे कोणी बसलेलं नाही. अजूनही नाही. मेघाताई पहिल्यांदा आल्या तेव्हा उभ्या उभ्याच म्हणाल्या, “ही त्यांची ना?” आणि स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून घेतलं. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, तुला माहीत आहे. तेव्हापासून त्या डुलत डुलत चहा पितात, पण जागा बदललेली नाही. मग केस तिथे कसा? तूच मला शिकवलं होतंस की स्पर्श झाला की काहीतरी मागे राहतं, आणि मागे राहिलेलं तिथून तिसऱ्याच ठिकाणी जातं. माझा राखाडी स्वेटर उसवला होता, तो त्यांनी घरी नेऊन शिवून आणला. तो घालून आईच्या खुर्चीत रोज बसतो, तो मी. केस मी वाहून आणला.

आता सोबतच्या पुडीविषयी. अनोळखी केस नुसता ताब्यात असून भागत नाही, तुलनेला ओळखीचा नमुना लागतो, असं तू म्हणायचीस. तो पाठवतो आहे. मेघाताईंनी स्वखुशीने, मुळासकट उपटून दिला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, ते केस ओढल्यामुळे, असं त्यांचं म्हणणं. पंचनामा चंपतरावांनी स्वतः लिहिला आणि स्वतःच पंचही झाले. हे नियमात बसत नाही, पण निवृत्त हवालदाराला कोण सांगणार? दुसरी सही कौशल्याबाईंची. दोन्ही पंचांनी चहा घेतल्याची नोंद आहे, ती लागतेच म्हणे. हे दोघं आणखी एका कामाला राजी आहेत. विवाह नोंदणी कार्यालयात तीन साक्षीदार लागतात, आणि तिसरी जागा मोकळी आहे. तारीख घेतलेली नाही. तुझा अहवाल आल्याशिवाय घेणारही नाही. तो विरुद्ध गेला तर मेघाताई स्टुलावर डुलत राहतील, मी खुर्चीत बसून अग्रलेख वाचीन, आणि तक्रार कोणाचीच नसेल. मात्र साक्षीदाराने स्वतः पाहिलेलंच सांगायचं असतं. म्हणून या रविवारी येऊन पाहा. वरणात मिरची कमी घालतो. घर आवरणार नाही.

तुझाच,
चौकशीला केव्हाही हजर असलेला,
बाबा