ईच्या जागी ओ

भोकरदन, ता. १० मे

ती. कल्याणदादास, धाकट्या रेणूचा शि. सा. न. वि. वि.

इकडं सगळे खुशाल, मी सोडून. फोनवर तू हसत बसशील अन् मला रडू येईल, म्हणून लिहून राह्यले.

काल आदिनाथ अन् त्याची आई कांताबाई मला बघायला आल्ते. तू टाइप करून धाडलेला माझा इंग्रजी बायोडाटा वाचून. कांताबाईंनी विचारलं, हाताचं काम लई चांगलं म्हणे तुझं, दोन ओळींत अंतर किती ठेवतीस. मी ऐटीत सांगितलं, पाव इंच. त्या बघतच राह्यल्या. पाव इंचात सरकी उगवंल का, म्हणाल्या. मंग कागद उघडला. सोइंग म्हणजे शिवणकाम, पण तू ईच्या जागी ओ घातलास अन् त्याची पेरणी झाली! म्हणायला दोन्ही सारखंच. अरे, मला पेरायची तिफण कुठून धरतात हेबी ठाऊक न्हाई. खोटं लिहून पोरगी खपवून राह्यलेत म्हणत त्या चहा न घेता उठल्या. अण्णांची मान खाली गेली.

लाजत न्हाई, सांगते. मला आदिनाथ आवडलाय. जाताना तो ओठ दाबून हसत होता. तूच बिघडवलंस, तूच निस्तर.

लोभ असू दे, राग माझ्याकडं भरपूर आहे.

तुझी रेणू


जालना, ता. १५ मे

चि. रेणूस अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोट धरून हसलो, मंग कान धरले. काय करू, बियाण्याच्या कंपनीत दिवसभर पिशव्यांवर पेरणीचाच शब्द छापून राह्यलोय. बोट आपोआप ओवर गेलं.

त्यांच्या घरी जाऊन आलो. कांताबाई म्हणाल्या, इंग्रजीवर भरवसा न्हाई, सुईवर आहे. त्यांचं मापाचं जुनं पोलकं अन् नवं कापड एसटीनं धाडलंय. नवं पोलकं बराबर बसलं तर पोरगी पसंत, न्हाई तर राम राम. स्वयंपाकाबद्दल मी काही टाइप केलं न्हाई, एवढे उपकार मान.

माया आहेच, टाके नीट घाल.

कल्याणदादा


भोकरदन, ता. २६ मे

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

बसलं रे, बसलं! कांताबाई तेच पोलकं घालून आल्त्या. आरशापुढं दोनदा वळल्या, अन् मंग आईच्या हातचा चहा मागून घेतला. तेबी सोबत आल्ते, म्हणाले, तिफण मी शिकवतो, तू मला बटण लावायला शिकव. पेरणी उरकली की लग्न. अण्णा कालपासून गुणगुणून राह्यलेत.

पत्रिका छापायचा मान तुझा, पण छापण्याआधी मला दाखव. हात जोडते.

तुझीच, आणखी थोडे दिवस,

रेणू


जालना, ता. २४ जून

चि. रेणूस अ. उ. आशीर्वाद.

परवापर्यंत आदिनाथ तो होता, आता ते! बरं.

पत्रिका छापून आल्या. आतलं मराठी बिलकुल बराबर. फक्त पाकिटावर ऐट म्हणून एकच इंग्रजी शब्द घातला, वेडिंग. त्यात डीच्या जागी ई पडली. त्याचं वीडिंग झालं, म्हणजे खुरपणी.

घाबरत घाबरत आदिनाथला दाखवलं. तो म्हणाला, असू द्या दादा. पेरणी झाली की खुरपणीच येते.

रेणू, हा माणूस तुला सांभाळून घेईल. मांडवात पाहुणे खुरपं घेऊन आले तर तू हसून घे. तू सासरी निघताना मला हसू येईल असं वाटत न्हाई.

लोभ आहे, अन् तो कितीबी चुकून लिहिला तरी तेवढाच राहील.

कल्याणदादा