यापुढे ही भूमिका धाकटीकडे

मी, खाली सही करणारी, मालिकेतली एके काळची थोरली सून आणि हल्लीची लेखिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुढचे वाचून माझी धाकटी बहीण शंका काढेल.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीची. तिच्या वडिलांनी दुसरा संसार थाटला, तो त्यांना लखलाभ. इथल्या भिंतीतल्या खिळ्यावरही त्यांचा हक्क नाही.

२. माझ्या दोन्ही कादंबऱ्यांचे हक्क मुलीचेच. नवी आवृत्ती निघाली तर मलपृष्ठावरची 'सुप्रसिद्ध अभिनेत्रीच्या भगिनी' ही ओळ आधी काढावी. प्रकाशकांना सांगून मी थकले. ते म्हणतात, "अहो बाई, त्या ओळीवरच तर पुस्तक खपतं!"

३. माझ्या निधनाच्या बातमीसाठी फोटो वकिलांकडे दिला आहे. नाहीतर वर्तमानपत्रवाले थोरली सून म्हणून धाकटीचा फोटो छापतील आणि लोक हळहळतील तेही तिच्यासाठी.

हे कसे झाले ते नोंदवून ठेवते. मुलीच्या वेळी माझे पोट दिसू लागले, तेव्हा बदली म्हणून मीच धाकटीला सेटवर नेले. चेहरेपट्टी सारखी. ती म्हणाली, "ताई, तू परत आलीस की तुझी जागा तुला." पडद्याच्या तळाशी एक पट्टी सरकली: यापुढे ही भूमिका नवीन अभिनेत्री साकारतील. प्रेक्षक आठवडाभर कुरकुरले आणि मला विसरले. मी बाळंतपणानंतर गेले तर दिग्दर्शक म्हणाले, "आता लोकांना हीच सून वाटते हो."

मग मी त्याच मालिकेचे संवाद लिहू लागले. पहिल्याच संधीला थोरल्या सुनेला जिन्यावरून पाडले आणि बेशुद्ध ठेवले. धाकटीला महिनोन्‌महिने एक वाक्य दिले नाही. तिने मिटल्या डोळ्यांतून एक थेंब ओघळू दिला आणि त्या वर्षीचा पुरस्कार नेला. माझा जळफळाट झाला. अजून होतो.

४. लिहिण्याचे टेबल धाकटीला. तिला त्याचा काडीचाही उपयोग नाही, म्हणूनच.

५. मुलगी सज्ञान होईपर्यंत तिची पालक म्हणून मी धाकटीला नेमते. हे वाक्य मी कितीदा खोडले, पण दुसरे आहे कोण? परवा दवाखान्यातून आले तर ती मुलीची वेणी घालत बसली होती. मुलगी म्हणाली, "मावशी, तुझा हात किती हलका आहे गं! आई ओढते." मी आत जाऊन पडले. ही मुलगीसुद्धा मला त्या प्रेक्षकांसारखी विसरेल, ही भीती मला आजारापेक्षा जास्त खाते.

म्हणून अट घालते. धाकटीने मावशीच राहावे. शाळेच्या कागदांवर नात्यापुढे 'मावशी' असेच लिहावे. 'मला आई म्हण' असे लाडातही सांगू नये. वकील म्हणाले, "बाई, ही अट कोर्टात टिकायची नाही." न टिको. लिहा म्हटले.

मुलीला मात्र कसलीच अट नाही. तापात, घाईत, कधी तिच्या तोंडून मावशीला 'आई' अशी हाक गेलीच, तर धाकटीने तिची चूक काढू नये. ओ द्यावी.

ठिकाण: राहत्या घरातली आतली खोली
दिनांक: ९ मार्च

बाईंनी आमच्यासमोर सही केली:
वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका (सही)
मालिकेचे मेकअपदादा (सही)

लिहून ठेवणार:
मुलीची आई (सही)