कबरीच्या नावावर घातलेला चावा

मी, नर्मदाबाई आधार बिऱ्हाडे, वय वर्षे सहासष्ट, धर्म बौद्ध, सरकारी दवाखान्यातील निवृत्त परिचारिका, मूळ गाव भडगाव, हल्ली मुक्काम पिंप्राळा, जळगाव, आज हे मृत्युपत्र करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात गेला, पण जीभ आणि आठवण दोन्ही शाबूत आहेत, आणि माझ्या मुलाची नेमकी तीच अडचण आहे. लिहिता येत नाही म्हणून मी सांगते आहे आणि दुसरे माणूस लिहिते आहे. त्या माणसाचे नाव शेवटी येईल. मला कोणी धाक घातलेला नाही, भूल दिलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मुलाने तीनदा टाईप करून आणले होते, तिन्ही वेळा मी त्यावर चहाची कपबशी ठेवली.

आताच का, तेही सांगते. गेल्या महिन्यात धुळ्याला कुत्र्यांचे प्रदर्शन भरले. माझा एकुलता एक मुलगा मोतीलाल तेथे सरकारी अधिकारी आहे. तो छातीला बिल्ला लावून पंच म्हणून बसला, आणि त्याने आपल्या नावाने एक पत्रक छापून वाटले. मथळा, 'लहान मुले असलेल्या घरासाठी कुत्र्याची निवड'. त्यात एक वाक्य असे आहे: 'गावठी कुत्रे मुलांच्या घरात कदापि ठेवू नये, आमच्या स्वतःच्या कन्येस अशा कुत्रीने चावा घेतल्याने चौदा इंजेक्शने घ्यावी लागली.' पत्रक सोबत टाचले आहे. त्या वाक्यात चौदा हा आकडा तेवढा खरा आहे. बारा वर्षे हे खोटे घरात होते, तोवर मीही ते पदराखाली झाकले. आता ते छापून गावोगाव गेले, तेव्हा माझा जबाबही कागदावर असला पाहिजे.

कलम १. पिंप्राळ्यातील दोन खोल्यांचे घर, अंगण व अंगणातला कडुनिंब हे सर्व माझ्या पगारातून झालेले, स्वकष्टार्जित आहे. ते माझ्या पश्चात माझी नात, मोतीलालची मुलगी विशाखा, वय वर्षे एकोणीस, हिचे होईल. ती कॉलेजसाठी तीन वर्षे माझ्याजवळ राहते आणि झटक्यानंतर माझे सगळे करते. मोतीलालचा या घरावर हक्क राहणार नाही. त्याने या घराला एक वीट लावलेली नाही. वर मजला चढवा असे सुचवले होते खरे, पण सूचना फुकट मिळतात.

कलम २. पोस्टात जे काही आहे त्यातून माझा शेवटचा विधी साधेपणाने करावा आणि उरेल ते भडगावच्या विहारातील वाचनालयास द्यावे. माझ्या फोटोला मोतीलालने हार घालू नये. फोटोग्राफर बोलावल्याशिवाय त्याचा हात वर जात नाही.

कलम ३. सून इंदिराबाई हिला माझ्या कपाटातले काही देत नाही. कपाटात काय आहे हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तेवढ्यावर तिने समाधान मानावे.

कलम ४. कोळशाच्या कोठीमागे एक लोखंडी पहार उभी आहे. ती मी बारा वर्षे कोणाला वापरू दिलेली नाही. ती मोतीलालला द्यावी. का, ते कलम सहामध्ये येईल.

कलम ५. मुलांच्या घरात कुत्रा कोणता घ्यावा, याविषयी.

हे मृत्युपत्रात कशाला, असे वकील म्हणाले. मी म्हटले, माझा मुलगा पत्रकात लिहू शकतो तर मी माझ्या मरणात का लिहू नये?

आमच्या घरी कबरी होती. अंगावर काळेपांढरे ठिपके, म्हणून कबरी. विशाखाच्या जन्माआधी पिल्लू असताना दारात आली आणि राहिली. विशाखा तिचे कान धरून उभी राहायला शिकली. कान लाल व्हायचे, पण कबरी हलायची नाही, पोरगी पडेल म्हणून. सव्वीस वर्षे मी दवाखान्यात लोकांना चावलेली कुत्री मोजली, म्हणजे जखमा धुतल्या, आणि तरीही त्या कुत्रीपाशी लेकरू ठेवून मी निर्धास्त ड्युटीला जात होते.

मोतीलाल तेव्हा कारकून होता आणि धुळ्याच्या एका साहेबाच्या मागे मागे फिरत होता. साहेबांच्या घरी पामेरियन कुत्री व्याली. बाईसाहेब म्हणाल्या, एक पिल्लू घेऊन जा. मोतीलालला स्वर्ग दोन बोटे उरला. तरी जनाची लाज म्हणून त्याने धरणगावच्या झुलालभाऊंना विचारले. झुलालभाऊ गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, आमच्याच नात्यातले. ते आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, "मोतीलाल, लहान हाडनं कुत्रं लेकरुले भ्यास, आनि भ्यायनं का चावस. कागद नको पाहू. ते जेवत व्हई तव्हय त्यानी थाळीले हात लाई पाहाय, आनि लेकरू रडनं तर ते पळस का जवळ येस ते पाहाय. आनि घरमा कबरी शे ना, मंग दुसरं कसाले?"

मोतीलाल म्हणाला, "नाना, जात पण काही असते."

छप्पन साली माझ्या सासऱ्यांनी जात टाकली, आणि त्यांच्या नातवाने कुत्र्याच्या वंशावळीचा कागद काच लावून भिंतीवर टांगला. पिल्लाचे नाव ठेवले प्रिन्स. थाळी कोणी तपासली नाही. झुलालभाऊंनी दोन्ही कुत्र्यांना रेबीजचा डोस टोचला, एवढे मात्र मी करून घेतले.

कलम ६. कबरीच्या मरणाची हकीकत.

सन १९८४, उन्हाळा, रविवारची दुपार. साहेब आणि बाईसाहेब आमच्याकडे जेवायला आले होते. मी ड्युटीवर होते. शेजारच्या हसीनाबी गच्चीवर पापड उलटत होत्या, त्यांनी सगळे पाहिले आणि दोन दिवसांनी मला सांगितले. विशाखा तेव्हा सात वर्षांची. बाईसाहेबांनी प्रिन्ससाठी लाल रिबीन आणली होती. ती बांधायला पोरगी त्याच्या थाळीवर वाकली. प्रिन्सने तिच्या मनगटाला धरले. "कबरी तो छुडाने दौडी थी, बाई," हसीनाबी म्हणाल्या, "बीच में जा के खडी हो गयी. उसने दात भी नहीं लगाया."

ओरडा ऐकून सगळे बाहेर आले. प्रिन्स पळून बाईसाहेबांच्या पायांत शिरला होता. कबरी पोरीजवळ उभी होती, तोंडाला लागलेले रक्त पोरीचे, कारण ती मनगट चाटत होती. बाईसाहेबांनी विचारले, "कोण चावलं?" मोतीलालने पोरीकडे पाहिले नाही, साहेबांकडे पाहिले, आणि म्हणाला, "आमची ही गावठी." मग साहेबांना आपला बंदोबस्त दिसावा म्हणून कोपऱ्यातली पहार उचलली. कबरी घरच्या माणसाला भिऊन पळणारी नव्हती. ती जागची हलली नाही. तीच ही पहार.

कलम ७. मोतीलाल साहेबांच्या जीपमधून पोरीला घेऊन दवाखान्यात आला. मनगट मीच धुतले. चार बारीक खुणा होत्या, माझ्या करंगळीएवढ्या अंतरावर. कबरीचा जबडा माझ्या तीन बोटांचा होता. जखम धुता धुताच मला कळले.

डॉक्टरांनी विचारले, "कुत्रा कुठे आहे?" हा प्रश्न उगाच विचारत नाहीत. कुत्रा घरचा असेल, डोस घेतलेला असेल, डोळ्यांसमोर असेल, तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवतात. दहा दिवस तो धडधाकट राहिला की सुया थांबल्या. कुत्रा मेलेला असेल तर नजर कोणावर ठेवणार? मग चौदा. रोज एक, पोटात.

मोतीलाल म्हणाला, "मारून टाकला, डॉक्टर."

मी त्याला व्हरांड्यात ओढले. म्हटले, "मोत्या, हाऊ दात कबरीना नही शे."

तो म्हणाला, "माय, साहेब भाईर जीपमा बठेल शेतस. पुढला महिनामा मन्हा बढतीना हुकूम निंघस. तू चूप ऱ्हाय."

मी चूप राहिले.

सुया मीच दिल्या. दुसऱ्या कोणी दिल्या तर पोरगी जास्त रडेल, असे मी म्हणत होते. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आजी, कबरी नाही चावली. प्रिन्स चावला." तिच्या आईने तिथेच तिच्या तोंडावर हात ठेवला. "पुन्हा खोटं बोललीस तर मार खाशील." हसीनाबी सांगायला आल्या तेव्हा त्यांनाही मी म्हटले, आता बोलून काय उपयोग. पाचव्या दिवसापासून पोरीने कुत्र्यांचे नाव घेणे सोडले. सातव्या दिवशी, पोट वर करून झोपली असताना, तिने मला विचारले, "आजी, खोटं बोललं की सुया देतात का?"

मी म्हटले, "हलू नको."

कलम ८. माझ्याविषयी. हे कलम वाचताना मोतीलालने खूश होऊ नये, त्याची पाळी संपलेली नाही.

पहिल्या दहा सुयांना मी भीती हे नाव देऊ शकते. माझा अंदाज चुकला असता तर लेकरू गेले असते. पिसाळल्यावर औषध नाही, मी तसली मरणे पाहिली आहेत. पण त्या दहाही दिवशी मी घरी येऊन प्रिन्ससमोर बसत होते. त्याचे खाणे पाहायची, पाणी पिणे पाहायची, डोळे पाहायची. दहाव्या दिवशी तो अंगणात चेंडू खेळत होता. त्या दिवसानंतर शंका उरली नव्हती. अकरावी, बारावी, तेरावी आणि चौदावी, या चार सुयांना कोणतेही कारण नव्हते. त्या थांबवायच्या तर डॉक्टरांना खरे सांगावे लागले असते. आणि मोतीलालचा हुकूम अजून निघायचा होता.

त्याच्या साहेबाची मला भीती नव्हती. मलाच हवे होते. आमच्या घरात खुर्चीवर बसणारा तो पहिलाच होणार होता. मी भडगावच्या शेतात बांधावर जन्मले, लोकांची घाण काढत नोकरी केली, आणि मला वाटले, एकदा पोरगा अधिकारी झाला की सगळे धुऊन निघेल. त्यासाठी सात वर्षांच्या पोरीचे पोट मी चार वेळा टोचले. मोतीलालने कुत्री मारली ती रागात नाही, हिशोबाने मारली, म्हणून मी त्याला माणूस म्हणत नाही. माझे तरी काय वेगळे होते?

प्रिन्सवर माझा राग नाही. तो भ्याला आणि चावला. पुढे आठ वर्षे आमच्यात राहिला, मीच त्याला खाऊ घातले.

तर पत्रकाला माझे उत्तर एवढेच. झुलालभाऊंनी सांगितलेली थाळीची परीक्षा करा, हाड पाहा, स्वभाव पाहा. पण कुत्रा कोणताही आणला तरी एखाद्या दिवशी चावू शकतो. त्या दिवशी कोण चावले हे लेकराने सांगितले, तर तुमच्या घरात त्याचे ऐकणारा कोणी आहे का, हे आधी पाहा. नसेल तर कुत्रा आणू नका. खरे तर लेकरूही आणू नका.

कलम ९. भडगावला गिरणेकाठी माझ्या नावावर पाऊण एकर आहे. ती मोतीलालला मिळेल, पण एका अटीवर. मी गेल्यावर तेरा दिवसांच्या आत त्याने या अंगणात, कडुनिंबाखाली, हसीनाबींना समोर खुर्ची देऊन, ती पहार हातात धरून, मोठ्याने म्हणावे: "कबरी चावली नव्हती. प्रिन्स चावला. विशाखा खरे बोलत होती आणि मी खोटे." न म्हटल्यास जमीन विशाखाची. तो म्हणणार नाही. माझा मुलगा आहे, मी त्याला ओळखते.

कलम १०. हे मी जिवंतपणी तोंडाने का सांगितले नाही, असे कोणी विचारेल. मरणानंतर लखोटा फुटावा आणि पोरीने माझ्या फोटोला जाब विचारावा, असाच माझाही विचार होता. मग वाटले, हा पळपुटेपणाचा पंधरावा दिवस होईल. म्हणून हे मृत्युपत्र मी विशाखाकडूनच लिहून घेत आहे. ज्याला घर द्यायचे त्याच्याच हाताने लिहवू नका, मोतीलाल कोर्टात बोंब मारेल, असे वकील म्हणाले. मारू दे. बोंब मारायला तरी त्याला पत्रकातले वाक्य कोर्टासमोर वाचावे लागेल.

कलम आठ सांगताना विशाखाने पेन खाली ठेवले. म्हणाली, "आजी, तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

मी म्हटले, "हो."

तिने हातातली बांगडी वर सारली. मनगटावर खुणा अजून आहेत, त्यावर ती बांगडी घालते. म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं की मीच चुकीचं पाहिलं." मग तिने पेन उचलले आणि म्हणाली, "पुढचं सांग."

तिने मला माफ केले का, हे मी विचारलेले नाही. ते या मृत्युपत्रात मागायची वस्तू नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी तो ऐकला, तो बरोबर आहे. उजवा हात चालत नाही म्हणून डावा अंगठा देते.

नर्मदाबाई आधार बिऱ्हाडे (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार, दोघांनीही अंगठा समोर उमटताना पाहिला:
१. झुलाल पुना सुरवाडे, निवृत्त ड्रेसर, धरणगाव (सही)
२. शकील अहमद, सायकल दुकान, पिंप्राळा, हसीनाबींचा मुलगा (सही)

स्थळ: पिंप्राळा, जळगाव
दिनांक: ९ नोव्हेंबर १९९६

लिहिणार: विशाखा मोतीलाल बिऱ्हाडे. आजीने सांगितले तसे लिहिले. कलम आठ आणि दहामधली तिची स्वतःबद्दलची वाक्ये तिने नंतर दोनदा खोडायला सांगितली, ती मी खोडली नाहीत. माझा एक शब्द घातलेला नाही, तिचा एक शब्द गाळलेला नाही. हे खरे आहे.
(सही)