मैदानाची कड

३ सप्टेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

ग्रंथालयासमोर तू तीस वर्षं जपलेली हिरवळ काढून आम्ही रानगवत आणि रानफुलं पेरली, ते आता कमरेला लागतंय. पाणी जवळजवळ नाहीच, फवारणी बंद. कुलसचिवांना मात्र सगळं माजलेलं दिसतं. बारा तारखेला समिती येणार आहे. फुललेलं पाहून पटलं तर हे कायम राहील. नाही तर पुन्हा हिरवळ, आणि माझी नेमणूकही संपली. कळ्या भरपूर आहेत. तू नाक मुरडशील, ठाऊक आहे. गुडघ्याचे व्यायाम चुकवू नकोस, वहिनीकडून खबर येते मला.

लोभ माझ्या रानासकट असू दे.
तुझी,
धाकटी

७ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मुरडलं नाक. ज्या तणांची मी मुळं खणली, त्यांना तू बी घालून बोलावलंस! असो. रान कितीही दाट असलं तरी कड रेघ मारल्यासारखी कापलेली असली, की बघणाऱ्याला वाटतं, इथे कुणाचं तरी लक्ष आहे. तू कामात बुडालेली असशील, म्हणून मुकादमाला परस्पर चिठ्ठी धाडली: अकराला कडेपासून कापायला घे. माझ्या हाताखाली तयार झालेला माणूस आहे, काळजी नको. गुडघा बरा आहे. तुझी वहिनी फितूर आहे.

माया आहेच, थोडा रागही. दोन्ही ठेवून घे.
तुझा,
दादा

१३ सप्टेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं, समिती येऊन गेल्यावर. अकराला मी दिवसभर रोपवाटिकेत होते. मुकादमाने कड धरली आणि गोल फिरत पार मध्यापर्यंत सगळं साफ केलं. म्हणाला, दादांनीच शिकवलंय, एकदा कड धरली की मध्य आल्याशिवाय यंत्र थांबवायचं नाही. माझी मनाई होती ना, असं विचारलं, तर म्हणाला, दादांची चिठ्ठी आली म्हणजे मनाई उठली. एका दिवसात उरकल्याचा त्याला कोण अभिमान! त्याला काय बोलणार?

समितीला एक फूल दिसलं नाही. कुलसचिव म्हणाले, आता कसं नीटनेटकं वाटतंय. हिरवळीचा ठराव तीस तारखेला आहे.

राग मला तुझा आलाय, दादा. चिठ्ठी मला लिहायची होतीस. इथली प्रमुख मी आहे.

लोभाचं या खेपेला लिहीत नाही.
धाकटी

१७ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी वहिनी पत्र वाचून दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बरोबर आहे तिचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी मनात ती बाग मीच चालवत होतो. लाज वाटते.

कुलसचिवांना लिहिलंय: कापणी माझ्या चिठ्ठीवरून झाली, मुळं जिवंत आहेत, पाच-सहा आठवडे थांबून पुन्हा पाहा. ऐकतील की नाही, सांगता येत नाही.

दुसरी चिठ्ठी मुकादमाला. यापुढे माझ्या सांगण्यावरून तिथलं एक पातंही कापायचं नाही; बाई सांगतील तेच करायचं. एवढंसं लिहायला मला तीन कागद लागले.

लोभ आता तू ठरवशील तेवढा.
तुझा,
दादा