बोळवण झाल्यावर

२१ नोव्हेंबर १९९४, देवपूर, धुळे
पोचले एकदाची! मॉरिशसची ही पाहुणी सुमित्रा एका सत्रापुरती धुळ्याच्या कॉलेजात मराठी शिकणार. बाबा तिकडे मराठीचे मास्तर, त्यामुळे लिहिता-बोलता येतंच. तरी मी तोंड उघडलं की इथली माणसं बोलका पोपट बघावा तशी बघतात. राहायला कौतिक आबा आणि धुरपदाबाईंकडे. बाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही म्हणते. पहिल्याच जेवणात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, अक्का पोट धरून हसल्या आणि आणखी वाढलं. मी भारी खूश आहे.

१३ जानेवारी १९९५
नुसता वैताग! सर काल कुणाच्या दहाव्याला, आज लग्नाला. ग्रंथालयाची किल्ली ज्याच्याकडे, तो शिरपूरला. नळाला दिवसाआड पाणी. वर जो तो विचारतो, तुझं लग्न कधी. अक्का म्हणतात, अभ्यास राहू दे, आमची पोरगी म्हणून इथंच राहा. मला कुणाची पोरगी व्हायचं नाही. परीक्षा देऊन मे महिन्यात ताईच्या लग्नाला घरी पोचायचंय, बस्स.

२० एप्रिल
निघाले होते, आणि पुन्हा इथंच! सकाळी अक्कांनी लेकीसारखी बोळवण केली, कुंकू लावलं, ओटी भरली. त्यांच्याकडे बोळवण झालेली मुलगी त्या दिवशी उंबरा परत ओलांडत नाही. काही विसरलं तर रस्त्यावर नेऊन देतात. स्टँडवर गेलो तर मुंबईची गाडी बिघडलेली. आबा चौकशीच्या खिडकीवर गेले ते तिथंच गप्पांत रमले. माझं डोकं फिरलं. पेटी तिथंच सोडली आणि रिक्षा करून घरी आले. अक्का दारात आडव्या आल्या, “बोळवन व्हई गई ना माय, परत कसाले वनी?” मी म्हटलं, ऊन मी म्हणतंय आणि यांना रीतभात सुचतेय. बाजूनं आत शिरले आणि खाटेवर पडले.

२१ एप्रिल
कुणी बोलत नाही. मला ताट वाढलं नाही. आबा शेजाऱ्यांना सांगतायत, सुमित्राला नाशिकवरून जाणाऱ्या गाडीत बसवलं, खिडकीतून हात हलवत गेली. मी त्यांच्या समोर उभी! रुसवा म्हणावा तर किती? माझी पेटी कुठं म्हणून ओरडले, पासपोर्ट तिच्यातच आहे. आबांनी पान लावायला घेतलं.

२२ एप्रिल
अक्कांचा खांदा धरून हलवला. माशी बसल्यासारखा त्यांनी पदर झटकला. आजचं माझं विमान गेलं. कॉलेजात गेले, तिथंही मान वर करून कुणी बघितलं नाही. संतापानं रडले. आता संताप कमी आणि भीती जास्त आहे.

२३ एप्रिल
बूथवरून घरी फोन लावला. आई हसत होती. सुमित्रा कालच आली म्हणे, थोडी वाळलीय, ताईच्या साड्या बघत बसलीय. मी म्हटलं, आई, सुमित्रा मी आहे. आईनं फोन कुणाला तरी दिला —
माझाच आवाज. अगदी शांत. विचारलं, धुळ्यात माझं काही राहिलंय का? राहिलं असेल तर अक्कांना कळवते, पाठवू नका, चुलीत घाला.
मी फोन ठेवून दिला.

२४ एप्रिल
शेजारी तिचा फोन आला होता. अक्का परसात चूल पेटवतायत.
माझा कंगवा चुलीत गेला. डोक्याला हात लावला — केसच नाहीत.
चपला गेल्या. पाय दिसतायत, पण खाली जमीन लागत नाही.
अक्का डोळे पुसतायत, “जठे शे तठे सुखी ऱ्हाय, पोरी.” मी इथं आहे अक्का, इथं —
ओढणी. गळ्यातून आवाज निघत नाही.
आता ही वहीच राहिली. अक्का खोलीत आल्या —
आई, ताईच्या लग्नात जी नाचेल ती मी नाही, ती मी ना