टाकी न लावलेली पायरी

सावेडी, मंगळवार संध्याकाळ

बागेतल्या पायरीवरून आज आई घसरली. खर्ड्याहून मीच हौसेनं निवडून आणलेला जुना, झिजलेला दगड. पाथरवट म्हणाला होता, "ताई, लई गुळगुळीत हाय. पाट्याला लावतो तशी टाकी लावून खडबडीत करतो." मी नको म्हटलं. म्हणे जुनेपणा जाईल! कठडा हाताला लागला म्हणून आई वाचली. आणि मी काय ओरडले? "दगड हलला का?" आईच्या आधी दगड?

पाथरवटाला फोन केला, उद्या दहाला येतो म्हणाला. आई फुलं तोडायला सहालाच उतरते. "काय होत न्हाई गं," म्हणते. गुळगुळीत दगड, त्यात पहाटेचं दव. साडेपाचपासून मीच त्या पायरीवर बसून राहणार.